बॅटरी बदलली, सल्ले मात्र जुनेच राहिले

विजेवर चालणारी दुचाकी घरात आली की तिच्या मागोमाग सल्लेही येतात. विक्रेता बजावतो, रोज रात्री पूर्ण चार्ज करून ठेवा. शेजारी सांगतात, बॅटरी पुरती उतरल्याशिवाय चार्जर लावू नका. मोबाइलवर फिरत आलेला एखादा संदेश म्हणतो, वीस टक्क्यांच्या खाली आणि ऐंशी टक्क्यांच्या वर कधीही जाऊ नका. हे तिन्ही सल्ले एकाच वेळी पाळता येणार नाहीत, हे उघड आहे. गंमत अशी की, यांपैकी एकही सल्ला निराधार नाही. प्रत्येक सल्ला कोणत्या ना कोणत्या काळात, कोणत्या ना कोणत्या रसायनासाठी अगदी योग्य होता. पुढे बॅटरीच्या आतील रसायन बदलले; सल्ला मात्र तोंडातोंडी चालतच राहिला.

म्हणूनच विजेच्या दुचाकीची निगा हा केवळ सूचनापुस्तिकेचा विषय राहत नाही. त्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. कोणता सल्ला कुठून आला हे कळले, तर आज कोणता पाळायचा हे ठरवता येते. आणि ते ठरवणे गरजेचे आहे. कारण या वाहनाच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा बॅटरीचा असतो आणि ती अकाली निकामी झाली तर नुकसान थेट मालकाचे होते.

या इतिहासाचा आरंभ १८५९ साली होतो. गॅस्टन प्लांटे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने शिशाचे दोन पातळ पत्रे गुंडाळून ते सौम्य गंधकाम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली व्यवहार्य बॅटरी तयार केली. १८८१ साली कामील फोर याने शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची पद्धत शोधली आणि या बॅटरीची क्षमता एकदम वाढली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये गुस्ताव त्रुव्हे याने विजेवर चालणारी तीनचाकी रस्त्यावर आणली. विजेचे वाहन ही एकविसाव्या शतकाची कल्पना आहे असा समज असेल, तर तो इथेच सोडून द्यावा लागतो. पेट्रोलवर चालणारी कार्ल बेन्झची गाडी १८८६ ची, म्हणजे त्यानंतरची.

प्लांटेच्या बॅटरीतूनच 'बॅटरी नेहमी पूर्ण भरलेली ठेवा' हा सल्ला जन्माला आला. शिसे-आम्ल बॅटरी वीज देऊ लागली की तिच्या दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमा होते. लगेच चार्ज केल्यास या सल्फेटचे पुन्हा शिसे, शिशाचा ऑक्साइड आणि आम्ल यांत रूपांतर होते. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिली, तर सल्फेटचे बारीक कण एकत्र येऊन त्यांचे मोठे, कठीण स्फटिक बनतात. ते मग चार्जरला दाद देत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. त्यामुळे वापर झाला की ताबडतोब चार्ज करा, अर्धवट सोडू नका, महिनाभर बाहेरगावी जायचे असेल तर पूर्ण भरून जा, हे नियम या बॅटरीच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहेत. मोटारी, ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टर यांच्यामुळे भारतातील घराघरांत बॅटरीची म्हणून जी समजूत रुजली, ती या शिशाच्या बॅटरीची होती.

भारतात विजेच्या दुचाकींची पहिली लाट आली ती २००६-०७ च्या सुमारास, आणि तीही याच बॅटरीच्या पाठीवर बसून. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या वाहनाला नोंदणी लागत नव्हती, चालक परवानाही लागत नव्हता. विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त मंडळी यांच्यासाठी ही मोठीच सोय होती. आसनाखाली साधारणपणे १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असत. चारही मिळून वजन २५ ते ३० किलो. शिसे-आम्ल बॅटरीत एक किलो वजनामागे जेमतेम ३० ते ४० वॉट-तास ऊर्जा मावते. म्हणजे तीस किलो वजन वाहून हाती येत होती सुमारे एक किलोवॉट-तास, आपल्या वीजबिलाच्या भाषेत एक युनिट.

त्यातही एक मेख होती. विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ सालीच दाखवून दिले होते की, शिशाच्या बॅटरीतून वीज जितक्या वेगाने काढावी, तितकी तिची एकूण क्षमता कमी भरते. सावकाश उतरवल्यास जी बॅटरी वीस अँपिअर-तास देते, तीच चढावावर किंवा दोघांना घेऊन जाताना त्याहून बरीच कमी देते. जाहिरातीत लिहिलेला पल्ला आणि रस्त्यावर मिळणारा पल्ला यांतील अंतराचे एक मूळ इथे होते. शिवाय भारनियमनाच्या त्या दिवसांत अनेक ठिकाणी चार्जिंग अपुरे राही, आणि अपुऱ्या चार्जिंगचा परिणाम म्हणजे सल्फेशन. दीड-दोन वर्षांत बॅटऱ्यांचा संच बदलण्याची पाळी येई आणि त्या खर्चात पेट्रोलची सारी बचत वाहून जाई. नोव्हेंबर २०१० मध्ये नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अनुदान सुरू केले, ते मार्च २०१२ मध्ये थांबले. त्यानंतर विक्री कोसळली आणि अनेक उत्पादकांनी गाशा गुंडाळला. अनुदान थांबणे हे तात्कालिक कारण झाले. पण ग्राहकाचा विश्वास त्याआधीच बॅटरीने गमावला होता.

दुसरा सल्ला, म्हणजे 'पुरती उतरू द्या, मगच चार्ज करा', याचे कूळ वेगळे आहे. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर याने १८९९ साली निकेल-कॅडमियम बॅटरी तयार केली. पुढे कृत्रिम उपग्रहांमध्ये ही बॅटरी वापरली जाऊ लागली, तेव्हा एक विचित्र गोष्ट ठळकपणे लक्षात आली. दर फेरीला बॅटरी नेमक्या एकाच पातळीपर्यंत उतरे आणि पुन्हा भरे. काही काळाने ती जणू तेवढेच काम लक्षात ठेवी आणि त्या पातळीच्या खाली गेली की तिचा व्होल्टेज घसरे. याला मेमरी इफेक्ट हे नाव पडले. त्यावरचा उपाय म्हणजे अधूनमधून बॅटरी पूर्ण रिकामी करणे. कॉर्डलेस फोन, टेपरेकॉर्डर आणि १९९५ नंतर भारतात आलेले सुरुवातीचे मोबाइल निकेलच्या बॅटऱ्यांवर चालत. त्यांच्याबरोबर हा उपायही घरोघर पोहोचला. निकेलच्या त्या बॅटऱ्या बहुतेक घरांतून केव्हाच गेल्या. उपाय मात्र अजून ऐकू येतो.

तिसऱ्या सल्ल्यासाठी लिथियमकडे वळावे लागते. १९७० च्या दशकात अमेरिकेत एक्सॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन आत-बाहेर करू शकतात हे दाखवले. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइडचे धन अग्र शोधले. त्यामुळे सुमारे चार व्होल्टचा घट शक्य झाला. व्हिटिंगहॅम यांच्या घटात ऋण अग्र म्हणून लिथियम धातू होता. चार्ज करताना त्यावर सुईसारखे तंतू वाढत आणि ते पलीकडच्या अग्राला टेकले की आग लागण्याचा धोका असे. १९८५ साली जपानच्या अकिरा योशिनो यांनी धातूच काढून टाकला आणि त्याजागी कार्बनचे अग्र घातले. १९९१ साली सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या बॅटरीत सल्फेशन नाही आणि निकेल-कॅडमियमसारखा मेमरी इफेक्टही नाही. तिचे म्हातारपण दुसऱ्याच मार्गाने येते. पहिल्यांदा चार्ज होताना कार्बनच्या अग्रावर एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. एमान्युएल पेलेड या इस्रायली शास्त्रज्ञाने १९७९ साली अशा पापुद्र्याचे स्वरूप उलगडून दाखवले. हा पापुद्रा आवश्यक असतो, कारण तो अग्राचे रक्षण करतो. परंतु तो पुढेही हळूहळू जाड होत राहतो आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. जितके लिथियम अडकले, तितकी क्षमता गेली. ही वाढ दोन गोष्टींनी वेगावते. एक म्हणजे उष्णता आणि दुसरी म्हणजे पूर्ण भरलेल्या अवस्थेतील मुक्काम. मे महिन्यात नागपूर, जयपूर किंवा दिल्लीच्या उन्हात शंभर टक्के चार्ज करून दिवसभर उभी ठेवलेली दुचाकी या दोन्ही गोष्टी एकदमच पुरवते. ती एक किलोमीटरही चालली नाही, तरी तिची बॅटरी म्हातारी होत असते.

उलट टोकाला लेह किंवा स्पितीचा हिवाळा असतो. तापमान शून्याखाली असताना चार्ज केल्यास लिथियमचे आयन कार्बनच्या थरांत पुरेशा वेगाने शिरू शकत नाहीत आणि धातूच्या रूपात पृष्ठभागावरच जमू लागतात. योशिनो यांनी ज्या धातूला बॅटरीतून बाहेर काढले होते, तोच थंडीतील चार्जिंगमुळे पुन्हा आत येतो. चांगली नियंत्रणप्रणाली अशा वेळी चार्जिंग थांबवते किंवा मंदावते. तो बिघाड समजू नये. बॅटरी पूर्ण उतरवून महिनोन्महिने सोडून देणे हेही लिथियमला मानवत नाही. घटाचा व्होल्टेज फार खाली गेला, तर आतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो आणि पुढच्या चार्जिंगच्या वेळी अंतर्गत शॉर्ट सर्किटचा धोका उद्भवतो. म्हणून दीर्घ काळ ठेवायची असेल, तर निम्म्याच्या आसपास चार्ज असलेली बॅटरी सावलीत, थंड आणि कोरड्या जागी ठेवणे योग्य. शिशाच्या बॅटरीचा नियम इथे बरोबर उलटा होतो.

भारतातील दुचाकी लिथियमकडे वळली ती बाजाराइतकीच धोरणामुळेही. १ एप्रिल २०१५ रोजी केंद्राची फेम योजना सुरू झाली, तेव्हा शिशाच्या बॅटरीलाही अनुदान मिळत होते. ऑक्टोबर २०१७ पासून ते बंद झाले. १ एप्रिल २०१९ पासूनच्या फेम-२ मध्ये फक्त प्रगत बॅटऱ्यांना स्थान होते आणि दुचाकीचा पल्ला किमान ८० किलोमीटर असावा अशी अट होती. अनुदान मोजले जाई बॅटरीच्या क्षमतेवर, दर किलोवॉट-तासाला १०,००० रुपये. जून २०२१ मध्ये ते १५,००० रुपये झाले. पल्ल्याचा आकडा आता धोरणाच्या आणि जाहिरातीच्याही केंद्रस्थानी आला.

हा आकडा वाचायचा कसा, हे मात्र ग्राहकाला फारसे कोणी सांगितले नाही. प्रमाणित पल्ला पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्यताप्राप्त चाचणीसंस्थेत, रोलरवर वाहन चालवून मोजला जातो. त्यासाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल' या आराखड्यात १०८ सेकंदांचा एक फेरा असतो. त्यात सरासरी वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर आणि कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर. गर्दीच्या शहराचे हे चित्र आहे, महामार्गाचे नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटरने गेल्यास तो सव्वादोन पट होतो.

हिशेब साधा आहे. तीन किलोवॉट-तासांची बॅटरी म्हणजे ३००० वॉट-तास. शहरात सावकाश, एकट्याने जाताना किलोमीटरला २५ वॉट-तास लागले, तर पल्ला १२० किलोमीटर. वेगाने, दोघांनी, चढावावर जाताना ४० लागले, तर ७५. काही वर्षांनी बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली, की हेच आकडे ९६ आणि ६० होतात. पल्ला हा असा बॅटरी, रस्ता, वेग, वजन आणि वय यांचा मिळून बनलेला आकडा आहे. रोजचे जाणे-येणे चाळीस किलोमीटर असेल, तर ही बॅटरी म्हातारपणीही पुरेल. रोज सत्तर किलोमीटर वेगाने जायचे असेल, तर नवी असतानाच ओढाताण होईल. खरेदीपूर्वी मांडायचा हिशेब हाच.

चार्जिंगच्या वेळेचाही असाच उलगडा होतो. लिथियम बॅटरीत चार्जर आधी ठरावीक प्रवाह सोडतो. घटाचा व्होल्टेज मर्यादेला टेकला की व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी केला जातो. म्हणून पहिले ऐंशी टक्के झपाट्याने भरतात आणि उरलेले वीस रेंगाळतात. त्यात चार्जरचा दोष नसतो. तीन किलोवॉट-तासांच्या बॅटरीसाठी भिंतीवरच्या सॉकेटमधून सुमारे साडेतीन युनिट वीज जाते. वरचा भाग चार्जर आणि बॅटरी यांच्यात उष्णता होऊन निघून जातो.

२०२२ च्या उन्हाळ्याने या साऱ्या चर्चेला गंभीर वळण दिले. देशाच्या वेगवेगळ्या भागांत विजेच्या दुचाकींना आगी लागल्या, काही ठिकाणी माणसे दगावली. केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली आणि एआयएस-१५६ हे सुरक्षामानक कडक करण्यात आले. ते दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून लागू झाले. घटांमध्ये पुरेसे अंतर, तापमान मोजणारे संवेदक, आतील दाब मोकळा होण्यासाठी वाट, एका घटातील आग शेजारच्या घटांत पसरू नये याची चाचणी, अशा अटी त्यात आल्या. या अटींचा भर बॅटरीच्या रचनेवर आहे, हे ध्यानात घ्यायला हवे. सदोष बॅटरी कोणत्याही निगेने सुरक्षित होत नाही. निगेचा प्रश्न सुरू होतो तो त्यानंतर. आणि उत्पादकाने दिलेलाच चार्जर वापरणे, बॅटरी गरम असताना लगेच चार्जिंगला न लावणे, फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी स्वतः न उघडणे, हे त्यातील पहिले नियम आहेत.

या घटनांनंतर लिथियम-लोह-फॉस्फेट, म्हणजेच एलएफपी, या रसायनाची चर्चा वाढली. याच्या मुळाशी भारतीय नावे आहेत, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. आयआयटी मद्रासमधून पीएच.डी. केलेले अरुमुगम मंथीराम यांनी १९८० च्या दशकात गुडइनफ यांच्यासोबत सल्फेटसारखे गट असलेल्या लोहसंयुगांचा अभ्यास करून या वाटेची पायाभरणी केली. १९९७ साली टेक्सासमध्ये अक्षय पाधी, के. एस. नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांचा लोह-फॉस्फेटवरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये स्टॉकहोम येथे गुडइनफ यांचे नोबेल व्याख्यान त्यांच्या वतीने मंथीराम यांनीच दिले. फॉस्फेटमधील ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. बॅटरी तापली तरी तो सहजी सुटत नाही आणि आगीला इंधन मिळत नाही. निकेल-कोबाल्टच्या बॅटरीपेक्षा ती त्याच ऊर्जेसाठी जड असते, पण अधिक काळ टिकते.

आणि इथे ऐंशी टक्क्यांचा तिसरा सल्लाही अपुरा पडतो. एलएफपी घटाचा व्होल्टेज बहुतेक काळ ३.२ ते ३.३ च्या दरम्यान जवळजवळ सपाट राहतो. त्यामुळे नियंत्रणप्रणालीला नुसत्या व्होल्टेजवरून किती चार्ज उरला हे नीट कळत नाही. तिला आत-बाहेर गेलेल्या प्रवाहाची बेरीज-वजाबाकी करत बसावे लागते आणि तिच्या चुका साचत जातात. अधूनमधून शंभर टक्के चार्ज केले, की हिशेब पुन्हा जुळतो आणि सगळे घट एका पातळीवर येतात. कायम ऐंशीवरच थांबवलेली एलएफपी बॅटरी एखाद्या दिवशी पंधरा टक्के दाखवत असतानाच बंद पडू शकते. याउलट निकेलयुक्त लिथियम बॅटरीसाठी रोजच्या वापरात ऐंशी-नव्वद टक्के, आणि लांब जायचे असेल त्याच दिवशी निघण्यापूर्वी शंभर, ही शिस्त तिचे आयुष्य वाढवते.

हे ज्ञान आता अधिक मोलाचे झाले आहे. दर किलोवॉट-तासाला मिळणारे अनुदान जून २०२३ मध्ये १०,००० रुपयांवर, २०२४ मध्ये ५,००० रुपयांवर आणि त्यानंतर पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २,५०० रुपयांवर आले. सरकारचा वाटा जसजसा कमी होतो, तसतसा बॅटरीच्या आयुष्याचा भार मालकावर येतो. पहिल्या लाटेत विद्यार्थी आणि निवृत्त मंडळी ज्या कारणाने फसली, ते कारण पुन्हा उभे राहू नये असे वाटत असेल, तर उत्पादकांनी बॅटरीचे रसायन आणि तिची खरी क्षमता ठळक अक्षरांत सांगावी, आणि ग्राहकांनी ती विचारावी.

पुढची पायरी सोडियम-आयन बॅटरीची असेल, असे अनेकांना वाटते. तिच्यात तांब्याच्या पत्र्याऐवजी दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालते, म्हणून ती शून्य व्होल्टपर्यंत उतरवूनही सुरक्षित ठेवता येते. ती दुचाकीत आली, तर 'बॅटरी कधीही पूर्ण उतरू देऊ नका' हा आजचा शहाणपणाचा सल्लाही जुना होईल, आणि तेव्हाचे वडीलधारे, म्हणजे आजचे विद्यार्थी, तो आग्रहाने देत बसतील.

तेव्हा सल्ला ऐकण्याआधी आपल्या वाहनाच्या माहितीपुस्तिकेत एक शब्द शोधावा: रसायन कोणते? शिसे-आम्ल, एनएमसी की एलएफपी? तो शब्द सापडला, की कोणता सल्ला आपल्या बॅटरीचा आणि कोणता आजोबांच्या इन्व्हर्टरचा, हे आपोआप कळते.